चैत्र-वैशाखातला गोवा: बोंडू, मीठ आणि तिथीची पाऊणपट

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. एप्रिलच्या मध्याला मुलीची परीक्षा संपते, मग आठ दिवस गोव्यात यायचे म्हणतात. सोबत पत्नी, १२ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले वडील. समुद्रकिनारे दोनदा पाहून झाले. ‘आमच्याकडे द्राक्षबागा आहेत, वायनरी आहेत, लांबून माणसे त्या बघायला येतात. गोव्यात तसे मोकळ्यावर हिंडून बघण्यासारखे काही आहे का, की त्या उन्हात येणेच चूक?’

चूक नाही. मी गेली २२ वर्षे फोंड्यात राहून माणसांना गोवा दाखवतो आहे आणि मला वर्षातले आठच दिवस निवडायला सांगितले तर मी एप्रिलचा दुसरा पंधरवडा निवडीन. डिसेंबरातला गोवा पाहुण्यांसाठी नटलेला असतो आणि पावसाळ्यातला भिजून बसलेला. चैत्र-वैशाखात गोवा कामाला लागलेला असतो. डोंगरावर काजूचे बोंडू, म्हणजे बी ज्याला लागते ते रसाळ फळ, पडत असतात, खाडीकाठच्या आगरात मीठ धरत असते, घरोघरी पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. पहिल्या वळिवाबरोबर हे सगळे आवरते. ज्याला हे बघायचे आहे त्याला कोरड्या महिन्यांतच यावे लागते.

आधी द्राक्षांचे सांगतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा बारा महिने दमट. द्राक्षाला हे मानवत नाही. गोव्याची म्हणून जी गोड, लाल पोर्ट वाइन मिळते ती पोर्तुगीज काळापासून जिभेवर बसलेली चव आहे, पण तिची द्राक्षे घाटावरूनच येतात. तेव्हा द्राक्षमळा शोधू नका. पण तुमच्याकडे एप्रिलात बाग रिकामी होऊन खरडछाटणी सुरू होते, नेमका तेव्हा आमचा काजूचा हंगाम भरात असतो.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि वडील सोबत आहेत म्हणून ती काजूच्याही आधी. नाशिकचे ३९ अंश तुम्हाला सवयीचे आहेत. गोव्यात पारा ३३-३४ च्या वर क्वचित जातो, म्हणून घाटावरची माणसे निर्धास्त येतात आणि पहिल्याच दुपारी कोलमडतात. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. इथे घाम वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलात एका कुटुंबाला मी काणकोण तालुक्यातल्या काब द राम किल्ल्यावर, आमच्या खोलगडावर, घेऊन गेलो होतो. वाटेत उशीर झाला आणि बारा वाजता तटावर पोचलो. जांभा दगड त्या वेळी तव्यासारखा तापलेला असतो आणि तिथे सावली फार थोडी. त्यांच्यातले आजोबा बोलता बोलता गप्प झाले, हात गार पडले. सावलीत आडवे केले, पाय उंच धरले, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले तेव्हा अर्ध्या तासाने सावरले. वेळ पाळली नाही ही चूक माझी होती आणि ती मी कायमची लक्षात ठेवली आहे. त्या दिवसापासून माझा नियम ठरलेला आहे. सकाळी सहा ते दहा बाहेर, दहा ते साडेचार सावलीत, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. त्यात पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी बदल करत नाही. खोलगडावर जरूर जा, पण संध्याकाळी पाचला. तिथून सूर्यास्त बघणे हा दक्षिण गोव्यातला मला सर्वांत आवडणारा तास आहे.

आता काजू. पोर्तुगिजांनी हे झाड ब्राझीलहून १६व्या शतकात आणले आणि आमच्या खडकाळ उतारांवर ते असे रुजले की आज ते परके होते हे सांगावे लागते. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण, कुठेही आत शिरलात तरी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत हवेत एक आंबटगोड, जरासा उग्र वास असतो. आठपैकी निदान दोन सकाळी यासाठी ठेवा.

सत्तरीत वाळपईच्या पुढे मी ज्या बागायतीत पाहुण्यांना नेतो तिथे साडेसहाला पोचावे लागते. तुमच्याकडे घड वेलीवरून कापतात. इथे बोंडू तोडायचा नसतो. झाडावरचा बोंडू तुरट असतो, तो पिकून आपसूक खाली पडावा लागतो, तेव्हाच त्याच्या रसाला गोडी येते. त्यामुळे काम सगळे जमिनीवरचे. घरची बाई हातात एक लांब काठी घेऊन चालते, काठीच्या टोकाला खिळा. पाचोळ्यातला बोंडू खिळ्याने टोचून उचलायचा, अंगठ्याने पिरगळून बी वेगळी करायची, बी कमरेच्या पिशवीत, बोंडू पाटीत. न वाकता, न थांबता. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते, एका मिनिटात तिने २० पेक्षा जास्त बोंडू उचलले होते. मुलीला काठी मागून द्या, त्या आनंदाने देतात. एक मात्र तिला बजावून ठेवा: ओली बी दाताने फोडायची नाही. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, ओठांवर फोड येतात.

मग कोळमी. पूर्वी जांभ्या कातळातच खोदलेले एक उथळ कुंड असायचे, आता बहुतेक ठिकाणी सिमेंटचे असते आणि काहींनी यंत्रही आणले आहे. पण पायांनी बोंडू तुडवणारी घरे अजून आहेत. तुडवून झाले की चोथ्याचा ढीग रचून रानवेलीने आवळतात आणि वर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब जो निवळ रस गळतो तो नीरो. या आठ दिवसांत मी तुम्हाला एकच गोष्ट चुकवू नका असे सांगेन, ती हा नीरो. तो मद्य नाही, मुलांनी आणि वडिलांनीही प्यावा. पण सकाळीच. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो आणि बाटलीत भरून नेऊ म्हणाल तर ते होत नाही. भट्टीशेजारच्या ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यातून प्यायचा, तेवढीच त्याची हद्द.

तुडवलेला रस पिंपात दोन-तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरून खमीर घालावे लागत नाही, बोंडवाबरोबर जे येते तेवढ्यावर रस आपोआप उकळ्या फुटल्यासारखा बुडबुडतो. नंतर तो भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, लाकडाच्या आचेवर चढवतात. पहिल्या धारेला येते ते हुर्राक, सौम्य, साधारण १५ टक्क्यांचे. हुर्राकात पुन्हा रस मिसळून परत भट्टी लावली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. भट्टीवाला मात्र टक्के बोलत नाही, तो ग्राव सांगतो, हे पोर्तुगीज काळातले माप. आणि मापाच्या काचेआधी डोळ्यांनी पाहतो: पेल्यात उंचावरून धार सोडली की फेस कसा उठतो, कडेला मण्यांची माळ किती वेळ टिकते. फेणी हे नावही त्या फेसावरून पडल्याचे सांगतात. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. मला त्याचा आनंद आहे, कारण माझ्या लहानपणी फेणीकडे गावठी म्हणून नाक मुरडणारी माणसे गोव्यातच पुष्कळ होती.

हुर्राक फक्त हंगामात मिळते, ते साठवून टिकत नाही. लिंबू-सोडा, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून पितात आणि ते सरबतासारखे उतरते. तिथेच धोका आहे. उन्हात आधीच अंगातले पाणी गेलेले असते, वर दोन पेले झाले की माणूस बसल्या जागी झोपतो. तेव्हा प्यायचे तर संध्याकाळी, मुक्कामावर, पोटभर जेवणाबरोबर आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन. भट्टी हे कुणाच्या तरी घरचे काम आहे हेही ध्यानात ठेवा. भाणात रस उकळत असताना माणूस हलू शकत नाही, त्याला फोटोसाठी उभे करू नका. प्यायलेल्या नीरोचे पैसे द्या, जमल्यास घरच्या काजूगरांचे एक पाकीट घ्या. तेवढ्यावर ती माणसे तुम्हाला वडिलांसकट ओसरीवर बसवून पेज वाढतील. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत खारातले आंबे. या दिवसांत पोटाला याहून चांगले काही नाही.

दुसरे काम मिठाचे. ते काजूपेक्षाही वेगाने संपत चालले आहे म्हणून मी ते मुद्दाम दाखवतो. पेडण्यातले आगरवाडे, बार्देशातले नेरुल, तिसवाडीतले शिरदोण-बांबोळीकडचे आगर, यांपैकी एका ठिकाणी एक संध्याकाळ जा. काहीच जमले नाही तर पणजीहून रायबंदरकडे जाणाऱ्या जुन्या पुलावरून तरी पाहा. १६३० च्या दशकात बांधलेला तीन किलोमीटरहून लांब दगडी रस्ता आहे हा, आणि त्याच्या कडेने मिठागरे पसरलेली होती. आज त्यातली थोडीच चालू आहेत.

खाडीकाठची खाजन जमीन समुद्राच्या भरतीपेक्षा खाली असते. तिला बांध घालून आमच्या पूर्वजांनी शेते आणि आगरे केली आणि बांधात मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या पाण्याचा दाब आला की तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. वीज नाही, माणूस लागत नाही. मुलीला हे नक्की दाखवा, शाळेच्या पुस्तकात हे भेटणार नाही. आगरात भरतीचे पाणी हवे तेव्हा आत घेतात आणि एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवत दाट करत नेतात. शेवटची खाचरे लहान, चौकोनी, चिखल चोपून जमिनीसारखी घट्ट केलेली. तिथे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाण्यावर आधी साय धरल्यासारखा पातळ थर दिसतो. थोड्या वेळाने ती साय फुटून तळाला बसते, ते मीठ. आगरातला माणूस लांब दांड्याच्या लाकडी फाळीने ते कडेला ओढतो तेव्हा ओल्या वाळूवरून साखळी ओढावी तसा आवाज येतो. पायात चप्पल घालून आत उतरू नका, चोपलेला तळ उखडतो. मीठ जाडे आणि जरा करडे असते. एक किलो विकत घ्या, वर्षाचे लोणचे त्यात घाला आणि फरक पाहा.

आता तुमच्या सहलीला सर्वांत उपयोगी पडेल ते सांगतो. किनाऱ्यावर कुठेही जायचे तर आधी तिथी बघा. आमच्याकडचे मासेमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, दिवसातून दोनदा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडे मागेपुढे होते, पण बेत आखायला हे पुरते.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकराच्या पुढे येते, म्हणजे सकाळी पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी तळाला गेलेले असते. ते उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही खूप हटते. अशा सकाळी हणजूणच्या खडकांवर जा. कातळातल्या खळग्यांत पाणी साचून राहिलेले असते आणि त्यात समुद्रफुले, खेकडे, शंखातून फिरणारे एकांडे खेकडे, कधी चिमुकले मासे. बाराव्या वर्षी मला असे कुणी दाखवले असते तर मी आणखी लवकर या धंद्यात पडलो असतो. खडक शेवाळलेले असतात, रबरी तळाची चप्पल हवी आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवायला हवा, खालच्या बाजूला जीव चिकटलेले असतात. याउलट चोडण बेटावर कांदळवनात होडीने जायचे तर भरती हवी, म्हणून सप्तमी-अष्टमीची सकाळ धरा. तिथले सलीम अली पक्षी अभयारण्य दोन चौरस किलोमीटरही नाही. एप्रिलात परदेशी पाहुणे पक्षी परतलेले असतात, पण खंड्या, बगळे आणि नशीब असेल तर चिखलावर पहुडलेली मगर दिसते. रायबंदरहून फेरीबोट आहे. वडिलांना नुसती ती फेरीसुद्धा आवडेल.

दक्षिणेकडे दोन दिवस ठेवले तर एक सकाळ कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळला द्या. रिवणच्या पुढे, नदीच्या काठाला लागून जांभ्याचा एक सपाट पट्टा आहे आणि त्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल, हरणे, मोर, नाचणारी बाई आणि एक मोठे चक्रव्यूहासारखे वर्तुळ. अश्मयुगातल्या माणसाच्या हातची ही रेघ. गावकऱ्यांना त्या ठाऊक होत्या, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपर्यंत त्या १९९३ साली पोचल्या. पावसाळ्यात नदी चढली की त्या पाण्या-चिखलाखाली जातात, म्हणून हीसुद्धा कोरड्या महिन्यांतलीच गोष्ट. रेघा उथळ आहेत. भर दुपारी गेलात तर तुम्हाला नुसता तांबडा खडक दिसेल आणि इतक्या लांब कशाला आलो असे वाटेल. सकाळी सूर्य तिरपा असताना, आठच्या आत, रेघेच्या एका कडेला सावली बसते आणि बैल अक्षरशः उठून उभा राहतो. माती झाडायला पायाने घासू नका, खडूने रेघ गिरवू नका.

दुपारच्या सहा तासांचे काय, हा प्रश्न उरतो. फोंडा तालुक्यात सावईवेरें, केरी या भागात कुळागरे आहेत. सुपारी, नारळ, केळी, मिरी, जायफळ अशी एकावर एक थरांनी वाढलेली बाग आणि झऱ्याचे पाणी पाटाने खेळवलेले. बाहेर अंग चिकचिकत असताना आत वारा गार लागतो. जेवून तिथेच लवंडा. झऱ्यावर आंघोळ करणे ही गोंयकारांची उन्हाळ्यातली जुनी चैन आहे, वेर्ण्याच्या केसरव्हाळाला त्यासाठी लांबून माणसे येतात. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळही दुपारी चालते. कदंबकाळातले, घाटाच्या पायथ्याला गर्द झाडीत, जांभ्याच्या मुलुखात काळ्या बेसाल्टमध्ये बांधलेले. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, त्यामुळे वडिलांना त्रास नाही. बोंडल्याचे अभयारण्यही मुलीसाठी चांगले, फक्त गुरुवारी बंद असते.

दूधसागर मात्र या खेपेला नको. ३१० मीटरचा कडा आहे तसाच असतो, पण एप्रिलच्या अखेरीस त्यावरून दुधाची धार नाही, दोरा उतरतो. धबधबा हवाच असेल तर नेत्रावळीतला सावरी बघा, तो बारमाही आहे आणि थोडे रानातून चालावे लागते. तिथेच गोपीनाथाच्या देवळापुढे बुडबुड्यांची तळी आहे, जिच्या तळातून सतत बुडबुडे येत असतात. मुलगी तिथून लवकर हलणार नाही. रानात पेटती काडी, बिडी, चूल काहीही नको. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हाचा धूर मी पाहिला आहे. पाचोळा या दिवसांत रॉकेल ओतल्यासारखा पेटतो.

गालजीबाग, आगोंद, मोरजी या किनाऱ्यांवर कासवांची अंडी कुंपण घालून जपलेली असतात आणि एप्रिलात पिल्ले बाहेर पडत असतात. वनखात्याच्या माणसांना विचारा, ते सांगतील तेव्हाच आणि सांगतील तिथेच उभे राहा. फ्लॅश नाही, हात लावणे नाही. पोहायचे तर जीवरक्षक असलेल्या पट्ट्यात, संध्याकाळी सहाच्या आत. मेच्या मध्यापासून समुद्र बिघडतो, म्हणून बेत पुढे ढकलू नका.

मुक्काम दोन ठिकाणी करा: पहिले चार दिवस फोंडा किंवा वाळपईकडे, उरलेले काणकोणात. आणि मधला शुक्रवार म्हापशासाठी मोकळा ठेवा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एरवीही मोठा, पण या दिवसांत पुरुमेंताची खरेदी चाललेली असते. पावसाळ्याच्या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणतो. सुकी सुंगटे म्हणजे कोळंबी, भिरंडाची सोलं म्हणजे आमसुले, हरमलची मिरची, खोल्याची मिरची, फणसाच्या आठळ्या, पेंढ्यात बांधलेले कांदे. सकाळी आठला पोचा. मानकुराद आंबे शेवटी घ्या, नाहीतर पिशवीत तळाला जाऊन चेंबतात. डझनाचा भाव ऐकून घासाघीस करण्याआधी एक कापून मागा, चांगली विक्रेती नाही म्हणत नाही. फेणी घरी न्यायची असेल तर सीलबंद बाटली परवानाधारक दुकानातून घ्या आणि महाराष्ट्रात नेण्याच्या परवान्याचे तिथेच विचारून, कागद बाटलीसोबत ठेवा. हुर्राक न्यायचा विचार करू नका, ते घाट चढेपर्यंतच बिघडते.